‘देऊन तर बघू’ म्हणणाऱ्यांना

हार्मोनतज्ज्ञांच्या कोणत्याही परिषदेला जा. अ‍ॅक्रोमेगलीवरचं भाषण संपतं, प्रश्नोत्तरं सुरू होतात आणि पुढच्या रांगेतले कुणी ज्येष्ठ माइक हातात घेऊन म्हणतात, “औषधाला कोण दाद देईल याचं भाकीत वगैरे पेपर लिहायला ठीक आहे. ओपीडीत त्याचा काय उपयोग? इंजेक्शन सुरू करायचं, सहा महिने बघायचं. गुण आला तर आला, नाही तर पुढचं बघू.” सभागृहात माना डोलतात, अध्यक्ष वेळ संपल्याची आठवण करून देतात आणि सगळे जेवणाच्या रांगेकडे वळतात. मला या वाक्याचा राग येतो. त्यातल्या ‘बघू’चा तर फारच. बघणार डॉक्टर, भोगणार पेशंट आणि पैसे मोजणार त्याची बायको, हा कुठला न्याय?

अन्याय नको म्हणून त्यांची बाजू आधी नीट मांडतो. पिट्युटरीच्या, म्हणजे पीयूषिका ग्रंथीच्या, हार्मोन सोडणाऱ्या गाठी तशा विरळाच. त्यांवरची औषधं मोजकी. पहिलं कोणतं द्यायचं ते मार्गदर्शक सूचनांत छापलेलं आहे. कुणाला गुण येईल हे सांगणाऱ्या खुणा दर वेळी खऱ्या ठरत नाहीत. त्यांच्या चाचण्यांना पैसे पडतात. आणि एवढं करून कळलं की हे औषध चालणार नाही, तर दुसरं परवडतंय कुणाला? मग आधी देऊन बघण्यात शहाणपण नाही का?

ऐकायला किती समंजस! आता या समंजसपणाची किंमत बघू.

गाठ ग्रोथ हार्मोन बेसुमार सोडू लागली की यकृत आयजीएफ-१ तयार करत सुटतं. वाढ पूर्ण झालेल्या माणसाची उंची वाढत नाही, पण हाडं जाड होतात, मांस सुजतं. अंगठी बोटातून निघेना म्हणून सोनाराकडून कापून घ्यावी लागते. चपलेचा नंबर वाढतो, खालचा जबडा पुढे येतो, दातांत फटी पडतात. घोरणं असं की घरचे अंथरूण दुसऱ्या खोलीत टाकतात. साखर चढते, रक्तदाब चढतो, हृदयाचा स्नायू जाड होतो. हे सगळं इतकं सावकाश होतं की निदानाला पाच-दहा वर्षं सहज लागतात. पियेर मारी यांनी १८८६ साली या आजाराला नाव दिलं; तरी आजही पेशंट आधी दातांच्या, मग शुगरच्या, मग गुडघ्याच्या डॉक्टरांकडे फिरून आमच्यापर्यंत येतो. नाकातून ऑपरेशन होतं. गाठ मोठी असली, बाजूच्या कॅव्हर्नस सायनसमध्ये शिरलेली असली, तर थोडी मागे राहते आणि हार्मोन चढंच राहतं. तेव्हा औषधाची पाळी येते.

म्हणजे हा माणूस आधीच कित्येक वर्षं थांबलेला असतो. त्याला आपण म्हणतो, आणखी सहा महिने थांब. मग इंजेक्शनचा डोस २० मिलिग्रॅमचा ३० करतो आणि आणखी तीन महिने बघतो. मग ‘थोडा फरक वाटतोय’ म्हणून आणखी तीन. वर्ष सरतं. झिजून गेलेले सांधे नंतर योग्य औषध मिळालं तरी मूळपदावर येत नाहीत.

आणि ते इंजेक्शन म्हणजे काही कुठल्याही दवाखान्यात बाही वर करून घ्यायची लस नव्हे. महिनाभर पुरणाऱ्या ऑक्ट्रिओटाइडची पेटी फ्रिजमध्ये ठेवावी लागते. आत भुकटीची कुपी आणि द्रावण. आधी बाहेर काढून खोलीच्या तापमानाला आणायचं, द्रावण घालून भुकटी पूर्ण भिजू द्यायची, हलक्या हाताने एकजीव करायची आणि तयार होताक्षणी नितंबाच्या स्नायूत खोल टोचायचं. जरा रेंगाळलं की सुई तुंबते आणि महिन्याचा डोस तिथेच अडकतो. तालुक्याच्या गावी याचा सराव असलेली सिस्टर मिळत नाही, म्हणून माणसं बर्फाच्या थर्मासमध्ये पेटी घेऊन रात्रीच्या एसटीने पुण्या-मुंबईला येतात. किंमत कंपनीनुसार कमी-जास्त होते, पण कारकुनाच्या घरातली महिन्याची घडी विस्कटायला त्यातली स्वस्तातली कंपनीही पुरते. चाचण्या महाग म्हणणाऱ्यांनी हा ‘बघण्या’चा खर्च एकदा कागदावर मांडावा.

हे औषध काम कसं करतं, ते आठवलं तर अर्धा वाद तिथेच मिटायला हवा. १९७३ मध्ये रॉजर गिलेमिन यांच्या प्रयोगशाळेत सोमॅटोस्टॅटिन सापडलं. ग्रोथ हार्मोनला आवर घालणारं शरीरातलंच द्रव्य. ते रक्तात काही मिनिटांतच संपतं, म्हणून त्याची टिकाऊ नक्कल बनवली, ती ऑक्ट्रिओटाइड. पुढे लॅनरिओटाइड आलं. पेशीवर सोमॅटोस्टॅटिनचे पाच प्रकारचे रिसेप्टर असतात. ही दोन्ही औषधं मुख्यतः दुसऱ्या प्रकाराला चिकटतात. गाठीच्या पेशींवर तोच तुरळक असेल तर औषध चिकटणार कशाला? आडातच नाही, ते पोहऱ्यात येण्याची आपण वर्षभर वाट बघतो आणि वर त्याला अनुभव म्हणतो.

“पण निम्म्याहून अधिक पेशंटना गुण येतोच की!” हा त्यांचा आवडता आकडा. तो आला कुठून, ते बघण्यासारखं आहे. जुन्या अभ्यासांपैकी अनेकांत ज्यांना हे औषध आधीच मानवलं होतं, असेच पेशंट घेतले होते. म्हणजे भाकिताची गरज नाही हे सांगायला जो आकडा फेकला जातो, तो मुळात निवडलेल्या पेशंटांचा! न निवडता, औषध कधीच न घेतलेल्यांना दिलं तेव्हा काय झालं? २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या, पॅसिरिओटाइड हे दुसरं औषध आणि ऑक्ट्रिओटाइड यांची थेट तुलना करणाऱ्या चाचणीत ३५८ पेशंट होते. वर्षभराने ग्रोथ हार्मोन आणि आयजीएफ-१ दोन्ही आटोक्यात आलेले : पॅसिरिओटाइडवर ३१.३ टक्के, ऑक्ट्रिओटाइडवर १९.२ टक्के. पाचांतला एकसुद्धा पुरता नाही. पाचांतल्या चौघांना वर्षभर टोचत राहायचं, तेही कोणते चौघं हे शोधायची तसदी न घेता, आणि याला म्हणायचं व्यवहारज्ञान?

कुणी म्हणेल, आम्ही भाकीत करतच नाही, आम्ही फक्त सूचनांप्रमाणे वागतो. साफ खोटं. सगळ्यांना एकच औषध देणं हेही भाकीतच आहे : समोरचा माणूस सरासरीसारखा वागेल असं भाकीत. फक्त ते हातातल्या कागदांकडे न बघता केलेलं आहे. आणि सूचनांचंच म्हणाल तर त्या तुमच्या पुढे निघून गेल्या आहेत. पिट्युटरी सोसायटीच्या २०२१ च्या सुधारित मसुद्यात एमआरआयवरच्या आणि पेशींच्या खुणांची चर्चा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या वर्गीकरणात ग्रोथ हार्मोनच्या गाठी दाट कणांच्या आणि विरळ कणांच्या अशा वेगळ्या नोंदवल्या आहेत. सूचनांचा हवाला देणाऱ्यांनी निदान ताज्या सूचना वाचाव्यात, एवढी अपेक्षा फार नसावी.

आता त्या ‘महागड्या’ खुणा. पहिली तर विकत घेऊन झालेली आहे. पिट्युटरीच्या एमआरआयमध्ये टी-२ पद्धतीची चित्रं काढलेली असतात. पेशंटने त्याचे पैसे भरलेले असतात. सीडी लावायची, समोरून घेतलेलं टी-२ चित्र काढायचं आणि गाठीचा रंग शेजारच्या टेम्पोरल लोबच्या करड्या भागाशी ताडून बघायचा. गाठ त्याहून काळी असेल तर ती बहुधा दाट कणांची. ऑक्ट्रिओटाइडला दाद देण्याची शक्यता चांगली. त्याहून उजळ असेल तर बहुधा विरळ कणांची; शक्यता कमी. नॉर्वेतल्या आणि बेल्जियममधल्या गटांनी हे दाखवून दहा वर्षं उलटून गेली. मिनिटाभराचं काम. पण आपल्याकडचा रिपोर्ट काढून बघा : गाठीची लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये, दृष्टीच्या नसांवर दाब, कॅरोटिडशी जवळीक, नशीब असेल तर नॉस्प ग्रेड. टी-२ वर गाठ काळी की उजळ, याबद्दल अवाक्षर नाही. रेडिऑलॉजिस्टला दोष देण्यात अर्थ नाही. आम्ही चिठ्ठीवर ‘पिट्युटरी एमआरआय’ एवढंच खरडतो. त्यांना कुणी विचारलंय?

दुसरी खूण पॅथॉलॉजीच्या कपाटात पडून असते. ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवून ठेवलेला असतो. त्याचा पातळ काप घेऊन केराटिनचा रंग द्यायचा. दाट कणांच्या गाठीत केंद्रकाभोवती तपकिरी रंग पसरलेला दिसतो. विरळ कणांच्या गाठीत तो एका जागी गोळा होऊन केंद्रकाला खेटून ठसठशीत ठिपका होतो. फायब्रस बॉडी म्हणतात ती हीच. एकदा ओळख पटली की नवशिक्या रेसिडेंटलाही चुकत नाही. त्याच ब्लॉकवर दुसऱ्या प्रकारच्या रिसेप्टरचाही रंग देता येतो, म्हणजे आडात पाणी आहे का ते सरळच दिसतं. या रंगांचा खर्च एका इंजेक्शनच्या किमतीपुढे नगण्य. तरी रिपोर्ट येतो तो ‘पिट्युटरी अडिनोमा, ग्रोथ हार्मोन पॉझिटिव्ह’ एवढाच. ग्रोथ हार्मोन पॉझिटिव्ह आहे हे त्या माणसाचा जबडा बघून रिक्षावाल्यालाही कळलं असतं.

तिसरी खूण म्हणजे छोटी ऑक्ट्रिओटाइड चाचणी. कमी वेळ टिकणारं १०० मायक्रोग्रॅम औषध कातडीखाली टोचायचं, आधी आणि दोन तासांनी ग्रोथ हार्मोन मोजायचं, किती घसरलं ते बघायचं. ही मात्र खरी ‘देऊन बघू’. फक्त सहा महिन्यांऐवजी दोन तासांत आटोपणारी. या चाचणीच्या विश्वासार्हतेवर वाद होते, अजून आहेत. मग स्पेनमधल्या डॉक्टरांनी वाद घालत बसण्यापेक्षा तपासून बघितलं. अ‍ॅक्रोफास्ट नावाच्या त्यांच्या चाचणीत २१ रुग्णालयं आणि ८५ पेशंट होते. एका गटाला नेहमीचा क्रम : आधी ऑक्ट्रिओटाइड किंवा लॅनरिओटाइड, मग बघू. दुसऱ्या गटाचं औषध ही छोटी चाचणी, टी-२ चा रंग आणि ई-कॅडहेरिन या प्रथिनाचं प्रमाण बघून ठरवलं. वर्षाच्या आत हार्मोन आटोक्यात आलेले : नेहमीच्या गटात ५३ टक्के, निवडून दिलेल्या गटात ७८ टक्के. तेही लवकर. ८५ हा आकडा लहान आहे, मान्य. पण ‘देऊन बघू’च्या बाजूने अशी एक तरी चाचणी दाखवा, मग आकाराबद्दल बोलू.

“पण या खुणा शंभर टक्के खऱ्या नाहीत.” हा आक्षेप घेणारे डॉक्टर स्तनाच्या कर्करोगात इस्ट्रोजेन रिसेप्टर न तपासता टॅमॉक्सिफेन लिहून देतील का? रिसेप्टर असूनही काहींना त्याचा गुण येत नाही, म्हणून ती तपासणी कुणी बंद केली नाही. क्षयरोगाचं बघा. आधी ठरलेली औषधं द्या, नाही लागू पडली तर प्रतिरोधाचा संशय घ्या, या पद्धतीची किंमत मुंबईइतकी कुणाला माहीत असेल? आज सरकारी कार्यक्रमातसुद्धा थुंकीच्या जनुकीय चाचणीने रिफाम्पिसिन चालेल की नाही हे सुरुवातीलाच बघतात. सरकारी खात्याला जे उमगलं, ते सुपरस्पेशालिटीला उमगू नये? भाकीत शंभर टक्के खरं हवं, ही अट घालणारे स्वतः १९.२ टक्क्यांवर समाधानी आहेत, हा विनोद कुणी लक्षात घेत नाही.

इथे एक गोष्ट मात्र त्यांच्या पदरात टाकतो. एमआरआयची चित्रं संगणकाला भरवून ‘नव्वद टक्के अचूक’ भाकीत करणाऱ्या लेखांचं सध्या पेव फुटलंय. एकाच हॉस्पिटलचे जुने पेशंट, त्यांच्यावरच शिकवायचं, त्यांच्यावरच परीक्षा घ्यायची आणि पहिला नंबर आला म्हणून पेढे वाटायचे. दुसऱ्या शहरातल्या दुसऱ्या मशीनवर ते किती टिकतं, हे बघितल्याशिवाय त्यावर कुणाचं औषध ठरवू नये. पण संगणकाची फुशारकी खोटी निघाली म्हणून डोळ्यांना दिसणारा काळा-पांढरा रंग खोटा ठरत नाही.

आता त्यांचा सगळ्यात वजनदार मुद्दा, आणि मला सगळ्यात जास्त खुपणारा : “दुसरं औषध आपल्याकडे आहे कुठे? पेगव्हिसोमंट, पॅसिरिओटाइड सहजी मिळत नाहीत, मिळाली तर परवडत नाहीत. मग आधी कळून करायचं काय?” गरिबीच्या नावाने गरिबालाच खड्ड्यात घालणारा युक्तिवाद आहे हा. ज्याच्याकडे पैसे आहेत तो वर्षभर चुकीचं औषध घेऊन पुढच्याकडे जाईल. ज्याने शेताचा तुकडा विकून वर्षभराची इंजेक्शनं आणली, त्याच्याकडे वर्ष संपल्यावर शेतही नाही आणि गुणही नाही. त्याला पहिल्या महिन्यातच खरं सांगायची गरज सर्वांत जास्त. आणि पुढचं काहीच नाही, हेही खरं नाही. उरलेली गाठ हात पोचेल अशा जागी असेल तर पिट्युटरीचा सराव असलेल्या सर्जनकडे दुसरं ऑपरेशन होऊ शकतं. आयजीएफ-१ थोडंच चढलेलं असेल तर कॅबर्गोलिनच्या गोळ्या आहेत, आठवड्यातून दोनदा, इंजेक्शनच्या मानाने कितीतरी स्वस्त. २०११ च्या एका एकत्रित विश्लेषणात नुसत्या कॅबर्गोलिनने सुमारे एक-तृतीयांश पेशंटचं आयजीएफ-१ नॉर्मल झालं होतं. पहिल्या इंजेक्शनला अपुरी दाद देणाऱ्यांना ती जोडून दिली तेव्हा सुमारे निम्म्यांचं. रेडिएशन आहे, पण त्याचा परिणाम यायला वर्षं लागतात. म्हणजे ते द्यायचंच असेल तर निर्णय लवकर नको का व्हायला? ‘बघू’मध्ये घालवलेलं वर्ष तिथे थेट वजा होतं. उलट बाजूही आहे. वयस्क पेशंट, काळी गाठ, दाट कण, रिसेप्टर भरपूर असं चित्र असेल तर त्याला धीर देता येतो की पैसे जमव, याचा उपयोग होईल. हे सांगता येणं ही काय चैन झाली?

तिशीच्या आतला पेशंट, प्रचंड गाठ, घरात आणखी कुणाला तसंच काही, असं दिसलं तर एआयपी जनुकाची आठवण व्हायलाच हवी. २००६ साली फिनलंडमधल्या कुटुंबांत त्याचा दोष सापडला. अशा गाठी ऑक्ट्रिओटाइडला सहसा दाद देत नाहीत. घरच्यांची विचारपूस करायला तर चाचणीचेही पैसे पडत नाहीत.

“प्रोलॅक्टिनच्या गाठींत तरी तुमच्या भाकिताचं काय काम? कॅबर्गोलिन बहुतेक सगळ्यांना लागू पडतं.” लागू पडतं, पण गाठ खरोखर प्रोलॅक्टिनची असेल तर. प्रोलॅक्टिन थोडं वाढलंय, एमआरआयवर काहीतरी दिसतंय, की गोळी सुरू, हा शिरस्ता झालाय. अ‍ॅसिडिटीसाठी महिनोन्‌महिने चाललेल्या कॅप्सूलमधलं लेवोसल्पिराइड किंवा डॉमपेरिडोन प्रोलॅक्टिन चढवतं, हे विचारलं का? हार्मोन न सोडणारी मोठी गाठ पिट्युटरीच्या देठावर दाब देऊनही प्रोलॅक्टिन चढवते. कॅबर्गोलिनने आकडा खाली येतो, सगळे खूष होतात आणि गाठ वाढत राहते. याच्या नेमकं उलट म्हणजे राक्षसी गाठ आणि प्रोलॅक्टिन मात्र रिपोर्टात जेमतेम वाढलेलं. प्रत्यक्षात ते इतकं प्रचंड असतं की चाचणीतल्या अँटिबॉडी बुडून जातात आणि मशीन खोटा, कमी आकडा दाखवतं. नमुना शंभरपट पातळ करून पुन्हा मोजला की खरा आकडा हजारांत निघतो. जी गाठ गोळ्यांनी विरघळली असती, तिच्यासाठी माणसाची कवटी उघडली जाते, आणि कारण काय, तर लॅबला एक फोन केला नाही! गुण येणार हे आधी ताडण्याचीही गरज असते. कवटीचा तळ पोखरून बसलेली गाठ कॅबर्गोलिनने झपाट्याने आकसली की तिने बुजवलेलं भोक उघडं पडतं आणि मेंदूभोवतीचं पाणी नाकातून गळू लागतं. पेशंटला आधी सांगून ठेवलं नसेल तर तो सर्दी समजून घरी बसतो आणि मेनिंजायटिस घेऊन येतो. जुगाराचा किंवा लैंगिक वागण्याचा अचानक सुटलेला ताबा हाही याच गोळीचा परिणाम असू शकतो. तो विषय आमच्या ओपीडीत निघतच नाही, कारण काढायला लाज वाटते.

कुशिंगबद्दल, म्हणजे कॉर्टिसॉल चढवणाऱ्या गाठींबद्दल, थोडक्यात. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पॅसिरिओटाइडच्या मोठ्या चाचणीत १६२ पेशंट होते. सहा महिन्यांनी लघवीतलं कॉर्टिसॉल नॉर्मल झालेले कमी डोसवर १५ टक्के, जास्त डोसवर २६ टक्के. आणि ७३ टक्के पेशंटांना साखरेशी निगडित त्रास झाला. पण त्याच चाचणीने एक उपयोगी गोष्ट सांगितली : पहिल्या दोन महिन्यांत कॉर्टिसॉल हललं नाही, तर पुढे हलण्याची आशा फारच थोडी. ज्यांनी चाचणी घेतली त्यांनीच दोन महिन्यांत निकाल लागतो म्हटलंय. तरी आपण सहा महिने बघणार, साखर चढवून घेणार आणि मग इन्सुलिन लिहून देणार?

तेव्हा मागच्या-पुढच्या सगळ्या रांगांतल्या ज्येष्ठांना एकच सांगणं आहे. पहिलं इंजेक्शन लिहिण्याआधी एमआरआयच्या चिठ्ठीवर ‘टी-२ वर गाठीचा रंग नोंदवा’ एवढं एक वाक्य लिहा. पॅथॉलॉजिस्टला फोन करून केराटिनचा रंग मागा. दोन तासांची चाचणी एखाद्या सकाळी उरकून घ्या. हे न करता लिहिलेलं इंजेक्शन अंदाजपंचे आहे, आणि अंदाजपंचेला अनुभव हे नाव देणं आता तरी थांबवा.

आणि हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरात अशी गाठ निघाली असेल, तर एमआरआयची सीडी सांभाळून ठेवा, नुसत्या छापील रिपोर्टवर भागवू नका. ऑपरेशननंतर बायोप्सीचा ब्लॉक कुठे ठेवलाय ते विचारून घ्या. महिन्याचं इंजेक्शन सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा, “मला याचा गुण येईल असं तुम्हाला कशावरून वाटतं?” उत्तर फक्त ‘बघू’ असं आलं, तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या.